वस्तीतल्या आणि पाड्यावरच्या मुलांनी मनातलं बोलायचं कुणाशी?

घोडनदी

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण विषय मनाला लागलेला आहे म्हणून सविस्तर लिहिते.

मी पुण्यात एका लहान संस्थेकडून शाळकरी मुलांच्या समुपदेशनाचं काम करते. ताडीवाला रोड, येरवडा इकडच्या वस्त्यांत आणि अधूनमधून आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेकडच्या आश्रमशाळांत. बाहेरच्यांना वाटतं पुण्यात काय कमी आहे, येरवड्याला प्रादेशिक मनोरुग्णालय, ससूनला मानसोपचार विभाग, औंधला जिल्हा रुग्णालय, आणि कोथरूड-डेक्कनला तर खाजगी डॉक्टरांच्या पाट्याच पाट्या. पण आहुप्याकडच्या एखाद्या वाडीतून पोराला घेऊन औंधला यायचं म्हणजे पहाटेची एसटी, घोडेगाव, मंचर, मग पुण्याची गाडी, नाशिक फाट्याला उतरून पुढं पीएमपी, तोवर केसपेपरची खिडकी बंद व्हायला आलेली असते. आईची मजुरी बुडाली, बापाची बुडाली, आणि डॉक्टर म्हणणार पंधरा दिवसांनी दाखवायला आणा. ते परत येत नाहीत. यात आईबापाचा निष्काळजीपणा कुठं आहे?

आणि मुळात पोरं "मला उदास वाटतंय" असं म्हणत येत नाहीत हो. पोटात दुखतं, डोकं दुखतं, झोप येत नाही, आठवीतला मुलगा रात्री अंथरूण ओलं करतो आणि सकाळी कुणाला दिसायच्या आत चादर धुवायला पळतो. वसतिगृहात एक मुलगी बेशुद्ध पडते, दोन दिवसांत आणखी तिघी-चौघी पडतात, मग भगत येतो, नारळ-लिंबू होतं, मुलींना घरी पाठवतात. त्यातल्या किती जणी परत शाळेत येतात हे कुणी मोजत नाही.

हे थोड्याथोडक्या मुलांचं नाहीये. निम्हान्स या बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं त्यात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये ७.३ टक्के निघाले होते ज्यांना कुठला ना कुठला मानसिक आजार आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते १० ते १९ वयात दर सात जणांमागं एक, आणि एकूण मानसिक आजारांपैकी निम्म्यांची सुरुवात अठराव्या वर्षाच्या आत झालेली असते. उलट बाजूला देशात लाख माणसांमागं एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही, आणि त्यातही खास लहान मुलांचे म्हणाल तर ते बहुतेक सगळे मोठ्या शहरांत.

माझं म्हणणं एवढंच आहे की मुलाचं पहिलं ऐकून घेणारी व्यक्ती डॉक्टर असायची गरज नाही, पण ती मार्क देणारी आणि शिक्षा करणारी पण असू नये. तिला नीट शिकवलेलं असावं, पगार असावा, आणि तिच्या पाठीशी विचारायला कुणीतरी जाणकार असावा. हे मी हवेत बोलत नाहीये. बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यात 'सेहेर' नावाचा प्रयोग झाला, गोव्याची 'संगथ' संस्था त्यात होती, ७४ सरकारी शाळा घेतल्या. काही शाळांत तोच कार्यक्रम बाहेरून नेमलेल्या साध्या माणसानं राबवला ज्याच्याकडं मानसशास्त्राची पदवी नव्हती, काही शाळांत तिथल्याच शिक्षकानं राबवला, बाकीच्या शाळांत नेहमीचंच चालू ठेवलं. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आले. नेमलेल्या माणसाच्या शाळांत मुलांचं नैराश्य कमी झालं, दादागिरी आणि मारामारी कमी झाली, शाळा आपली वाटायला लागली. शिक्षकांनी राबवला तिथं जवळपास काहीच फरक पडला नाही. कार्यक्रम तोच, फक्त माणूस बदलला.

तुमचे अनुभव लिहा. खास करून शिक्षक आणि सरकारी दवाखान्यात काम करणारे कुणी इथं असतील तर.

गुंजवणी_मास्तर

ताई धागा चांगला काढलात पण शिक्षकांबद्दलचं वाचून वाईट वाटलं. मी राजगड तालुक्यात (जुनं वेल्हे) द्विशिक्षकी शाळेवर आहे, दोघं मिळून सगळे वर्ग. पोषण आहार, यू-डायसची माहिती, मतदार याद्या, वेगवेगळी सर्वेक्षणं, ट्रेनिंग, हे सगळं झाल्यावर शिकवायचं. त्यात उद्या आदेश येईल की मुलांच्या मानसिक आरोग्याचं रजिस्टर ठेवा. रजिस्टर आम्ही ठेवू, पण मुलाचं काय होईल?

तरी सांगतो, माझ्या वाडीत दुसरं माणूस आहे कोण? सातवीतली एक मुलगी दोन महिने गप्प होती. बाप दारू पिऊन आईला मारतो हे साऱ्या वाडीला माहीत. ती मलाच येऊन म्हणाली, सर मी घरी गेले नाही तर चालेल का. मी तिचं ऐकून घेतलं, आशाताईला सांगितलं, आशाताई तिच्या आईशी बोलली, आजोळी पाठवायची सोय झाली. मी तिचे पेपर तपासतो म्हणून मी ऐकायला नको होतं का?

घोडनदी

@गुंजवणी_मास्तर, तुम्ही केलंत ते फार मोठं काम आहे आणि तुमच्यासारखे मास्तर आहेत म्हणून कितीतरी पोरं शाळेत टिकलीत. माझा मुद्दा तुमच्या मायेबद्दल नाही, तुमच्यावर काय काय लादायचं याबद्दल आहे. शिक्षकानं ओळखावं, प्रेमानं विचारावं, पुढं पोचवावं, एवढं नक्की. पण दर आठवड्याला एका मुलासोबत अर्धा तास बसून त्याचा प्रश्न सोडवायचा, घरी जायचं, परत विचारपूस करायची, हे वेगळं काम आहे आणि त्याला वेगळा माणूस लागतो. आणि प्रत्येक शाळेत तुमच्यासारखे सर नसतात, काही ठिकाणी मुलाला ज्यांची भीती वाटते ते सरच असतात. तिथल्या मुलानं जायचं कुठं?

कोथरूडकर७

मला यात एक गोष्ट खटकते. आमच्या मुलांना आम्ही सेशनला हजार-दीड हजार देऊन एमफिल झालेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडं न्यायचं आणि वस्तीतल्या मुलांना बारावी पास ताई द्यायची, ही दुय्यम सेवा नाही का? एकदा हे चालवून घेतलं की सरकार म्हणेल काम होतंय ना, मग डॉक्टरांच्या जागा कशाला भरायच्या. लोकांनी हक्क म्हणून तज्ज्ञ मागायला हवेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात प्रत्येकाला सरकारी खर्चानं चालणाऱ्या सेवेचा हक्क दिलाय, कागदावर तरी.

घोडनदी

@कोथरूडकर७, तुमची भीती खरी आहे आणि ती मला पण वाटते. म्हणून "पाठीशी जाणकार" हे मी मुद्दाम लिहिलं. एकट्या ताईला वस्तीत सोडून देणं म्हणजे तिचीही फसवणूक आणि मुलांचीही.

पण असं बघा, दहावीचं टेन्शन, घरातली भांडणं, मैत्रीण बोलेनाशी झाली, बापाला तोंड कसं द्यायचं, काम करून शाळा कशी करायची, बहुतेक मुलं यातच अडकलेली असतात. यासाठी गोळी लागत नाही. प्रश्न नीट मांडायला शिकणं, त्यातलं आपल्या हातात काय आहे ते बघणं, एखादा उपाय करून बघणं, नाही जमला तर दुसरा. हे शिकवायला धीर लागतो, मुलाची भाषा यावी लागते, आणि सराव. केनियात 'शमिरी' म्हणून काम चालतं, नुकतीच शाळा संपवलेली १८ ते २२ वर्षांची पोरं हायस्कूलच्या मुलांचे गट घेतात, फक्त चार बैठका, आणि त्यानं नैराश्य आणि चिंता कमी झाल्याचं अभ्यासातून आलंय. इथं आपल्या नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यात 'आत्मीयता' प्रकल्प झाला, पुण्याच्याच आयएलएस संस्थेच्या केंद्राचा, त्यात गावातल्याच बायका-पुरुषांना तयार केलं. तो मोठ्या माणसांसाठी होता, पण गावातलं माणूस हे काम करू शकतं हे तिथं दिसलं.

जिथं तज्ज्ञच लागतो तिथं लागतोच. फिट येणारं मूल, स्वमग्न मूल, ज्याला आवाज ऐकू येतात असा सतरा वर्षांचा मुलगा, खाणंपिणं सोडलेली मुलगी, जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलणारं कुणीही. ताईचं निम्मं ट्रेनिंग हे ओळखायचंच असायला हवं. आणि तज्ज्ञाकडं फक्त अशीच मुलं पोचली तर त्याची ओपीडी पण मोकळी होईल, आत्ता तो एका पेशंटला पाच मिनिटं देतो त्याऐवजी वीस देईल. त्यामुळं जागा भरा हे तर ओरडून सांगायचंच, पण त्या भरेपर्यंत आज आठवीत असलेलं पोर थांबणार नाहीये.

पीएचसीवाला_डॉक्टर

जुन्नर भागात प्राथमिक आरोग्य केंद्रावर एमओ (वैद्यकीय अधिकारी) आहे. योजना नाहीत असं नाही, उलट भरपूर आहेत. आरबीएसके, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ पासून आहे, त्याची सुरुवातच आपल्या पालघरमधून झाली, त्यांची टीम गाडी घेऊन अंगणवाड्या आणि शाळांत जाते, जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर बघते. आरकेएसके, म्हणजे राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम, २०१४ पासून, त्यात किशोरवयीन मुलांचं मानसिक आरोग्य सरळ सरळ लिहिलेलं आहे, त्यासाठी 'मैत्री क्लिनिक' आहेत. माझ्याकडं पण पाटी आहे. पण ती खोली कुठं आहे तर लसीकरणाच्या रांगेसमोर. पंधरा वर्षांची मुलगी तिथं एकटी आत गेली की संध्याकाळपर्यंत गावभर. म्हणून कुणी येत नाही, आणि कुणी येत नाही म्हणून अहवालात शून्य, आणि शून्य दिसलं की वरचे म्हणतात इथं गरज नाही.

माझ्यापुरतं मी असं केलंय की हिमोग्लोबिन तपासायला म्हणून मुलामुलींना बोलावतो, काउन्सेलर ताई तिथंच बसते, गोळ्या देता देता दोन शब्द बोलते. बोलायला लागतात पोरं.

एक गोष्ट पालकांना कळकळीनं. लहान मुलांना मोठ्यांच्या डिप्रेशनच्या गोळ्या मेडिकलवरून आणून देऊ नका, कुणाच्या जुन्या चिठ्ठीवर तर मुळीच नाही. डब्ल्यूएचओच्या मार्गदर्शनात बारा वर्षांखालच्या मुलांच्या नैराश्याला अशा गोळ्या द्यायच्याच नाहीत असं आहे, तेरा ते सतरामध्ये सुद्धा बोलण्याचे उपचार आधी, त्यानं भागलं नाही तरच फ्लुओक्सेटिन ही नैराश्याची गोळी, ती पण तज्ज्ञाच्या देखरेखीत. आणि उलट फिटच्या गोळ्या मात्र मनानं बंद करू नका. भगताकडं जायचं तर जा, मी भांडत नाही, पण गोळी चालू ठेवून जा.

उसाच्या_फडातला

मी बीडचा, आता हिंजवडीला आहे. आईबाप ऊसतोडीला कोयत्यावर असायचे, दसरा-दिवाळी झाली की आमची गाडी दौंड नाहीतर बारामतीकडं. सहा महिने कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. मी बहिणीला सांभाळायचो, फडाच्या कडेला बसून. सहावीपर्यंत माझं कुठल्याच शाळेत पूर्ण वर्ष झालं नाही. साखरशाळा, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या पोरांसाठीची शाळा, कधी असायची कधी नसायची, नंतर गावाकडं हंगामी वसतिगृह निघालं त्यात राहिलो म्हणून शिकलो. पण त्या वसतिगृहातल्या रात्री विचारू नका, दहा-अकरा वर्षांची पोरं, आई लांब, पांघरुणात तोंड घालून रडायची, आणि सकाळी सगळे जण काही झालंच नाही असं वागायचे.

मला एवढंच म्हणायचंय की या सगळ्या योजना तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला बांधलेल्या आहेत. आमच्यासारखं पोर अर्धं वर्ष इथं अर्धं तिथं. समजा शिरूर कासारच्या ताईनं ओळखलं की याला काहीतरी होतंय, तोवर त्याची गाडी निघाली. इथल्या ताईला ते नवीन. परत पहिल्यापासून. नुसता एक कागद, एक कार्ड जरी त्या पोरासोबत फिरलं तरी फरक पडेल. आणि पोरींचं तर, मागं कुणाकडं ठेवायची या काळजीपोटी चौदा-पंधराव्या वर्षी लग्न लावून देतात, मग तिला कुठली मैत्री क्लिनिक.

टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन वगैरे चांगली आहे, पण फोन बापाकडं असतो आणि बाप फडात.

घोडनदी

@उसाच्या_फडातला, दादा, कार्डाचं तुम्ही सांगितलंत ते आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हतं. लसीकरणाचं कार्ड आया प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोपीतसुद्धा जपतात हे मी पाहिलंय. त्यावर आजाराचं नाव न लिहिता फक्त "या मुलाशी बोलणं चालू आहे, पुढच्या ताईनं या नंबरवर फोन करावा" एवढं लिहिलं तरी चालेल. नाव लिहिलं तर पोराला चिडवतील.

धायरीची_आई

एक विचारू का. माझा मुलगा सातवीत, वाचताना अक्षरं उलटसुलट होतात, शाळेत सगळ्यांसमोर मठ्ठ म्हणायचे, आता तो शाळेच्या नावानं उलट्या करतो. हे मानसिक आरोग्यात येतं का? कुणाकडं जायचं?

पीएचसीवाला_डॉक्टर

@धायरीची_आई, नक्की येतं. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग सरकारी रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांना मान्यता आहे त्यात ही येते, प्रमाणपत्र मिळालं की बोर्डाच्या परीक्षेत जास्त वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. उलट्या भीतीनं होतायत, नाटक नाहीये. त्यासाठी रागावू नका त्याला, आणि शाळेत जाऊन एवढं सांगा की वर्गासमोर मोठ्यानं वाचायला उभं करू नका.

नवीन_सभासद_दौंड

मी फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. माझ्या बहिणीची मुलगी, पंधरा वर्षांची, आमच्याकडंच शिकायला आहे. गेल्या महिन्यात घटक चाचणीत नापास झाली तेव्हापासून जेवत नाही नीट. काल म्हणाली मावशी मी नसते तर बरं झालं असतं. मी विषय बदलला. विचारलं तर तिच्या डोक्यात अजून काही येईल अशी भीती वाटते. घरी कुणाला सांगितलं नाही, पोलीस केस होते म्हणतात. काय करू?

घोडनदी

@नवीन_सभासद_दौंड, ताई, आज लिहिलंत ते फार बरं केलंत. आत्ता वाचत असाल तर पुढचं सगळं आजच करा.

तिला जवळ घेऊन बसा आणि सरळ विचारा, "तुला मरून जावंसं वाटतं का? तसं काही करायचं मनात आलंय का?" विचारल्यानं डोक्यात येत नाही, हे अनेक अभ्यासांतून दिसलंय. उलट विचारल्यावर मुलांना सुटल्यासारखं होतं की कुणीतरी हे ऐकू शकतं. ती हो म्हणाली तर ओरडू नका, शपथा घालू नका, "तुझ्यासाठी एवढं केलं" हे तर अजिबात काढू नका. फक्त म्हणा, सांगितलंस ते चांगलं केलंस, आपण दोघी मिळून बघू.

घरात शेतीची औषधं असतील, तणनाशक, फवारणीचं काहीही, तर आजच्या आज कुलूपबंद करा किंवा घराबाहेर दुसऱ्याकडं ठेवा, किल्ली तुमच्याजवळ. घरातल्या गोळ्यांचं पण तसंच. ही गोष्ट लोकांना बारीकशी वाटते पण श्रीलंकेनं घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली तर वीस वर्षांत तिथल्या आत्महत्या जवळपास ७० टक्क्यांनी कमी झाल्या. तो एक वाईट तास टळला की पुष्कळ मुलं वाचतात.

तिला एकटी ठेवू नका, रात्री शेजारी झोपा. टेलिमानसचा नंबर १४४१६, फुकट आहे, रात्री-अपरात्री केव्हाही, मराठीत बोलतात. आधी तुम्ही बोला, मग तिला द्या. आणि तिनं "हो, करायचंय, कसं ते पण ठरवलंय" असं म्हटलं तर फोनवर थांबू नका, सरळ जवळच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा, आजच.

पीएचसीवाला_डॉक्टर

पोलिसांबद्दल मी सांगतो. नुसतं बोलली म्हणून काहीही केस होत नाही. प्रयत्न केलेल्या माणसाला सुद्धा २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ सांगतं की तो प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं आणि शिक्षा करायची नाही, उपचाराची जबाबदारी सरकारची. भारतीय न्याय संहिता २०२४ मध्ये लागू झाली त्यात तर जुनं ३०९ कलम तसं ठेवलेलंच नाही. त्यामुळं केसच्या भीतीनं दवाखाना टाळू नका. तिच्या आईला पण आज कळवा. आणि ओपीडीत गेल्यावर "जेवत नाही" एवढंच सांगू नका, ती जे वाक्य म्हणाली ते तसंच्या तसं डॉक्टरला सांगा, नाहीतर टॉनिक लिहून परत पाठवतील.

नवीन_सभासद_दौंड

विचारलं. खूप रडली. ठरवलं वगैरे काही नाही म्हणाली, पण रोज मनात येतं म्हणाली. फवारणीचं सगळं दिरांच्या गोठ्यात कुलपात ठेवलंय. १४४१६ ला बोललो दोघी, त्यांनी परत फोन करायला सांगितलाय. बहीण उद्या येतेय, सोमवारी औंधला जाणार आहोत.

घोडनदी

फार चांगलं केलंत ताई. सोमवारी जाऊन आलात की इथं लिहा, किंवा मला निरोप पाठवा. नापास झाल्याचं कारण पण नंतर सावकाश विचारा, नुसत्या मार्कांवरून नसतं बऱ्याचदा. शाळेत कुणी त्रास देतंय का, प्रवासात काही होतंय का. आणि त्यात तिला कुणी हात लावल्याचं वगैरे निघालं तर पॉक्सोखाली, म्हणजे मुलांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, कळवणं बंधनकारक आहे, म्हणून "कुणालाच सांगणार नाही" असं वचन आधी देऊ नका. "तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन" असं म्हणा. आमच्या तायांना हे पहिल्या दिवशी शिकवतो आम्ही.

गुंजवणी_मास्तर

हे सगळं वाचून मी जरा विचार केला. ताई तुमचं पटलं, वेगळं माणूस हवं. आमच्या खालच्या वाडीत एक मुलगी आहे, बीए झालेली, मुलं तिच्याभोवती असतात. ती करेल. पण तिला पैसे कोण देणार? फुकट दोन महिने करेल, मग एमआयडीसीत पॅकिंगला जाईल आणि जायलाच पाहिजे तिनं.

दुसरं, २०२५ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं ना की १०० किंवा त्याहून जास्त मुलं असतील तिथं समुपदेशक नेमा. माझा पट शंभराच्या जवळपास पण नाही. डोंगरातल्या सगळ्या शाळांचा नाही. म्हणजे आम्ही त्यातून बाहेर का?

घोडनदी

नाही मास्तर, बाहेर नाही. त्याच निकालात पुढं आहे की लहान संस्थांनी बाहेरच्या मानसिक आरोग्य तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करून घ्यायची. ती ओळ कुणी वाचून दाखवत नाही. आणि पट शाळेचा का धरायचा, केंद्राचा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा, धरा ना. तुमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळा मिळून शंभराच्या कितीतरी वर जातील. एका केंद्राला एक ताई, आठवड्यातून ठरलेल्या वारी ठरलेल्या शाळेत, आणि तिला महिन्यातून एकदा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीमसोबत बसायला मिळायला हवं, तिच्या अवघड केसेस घेऊन. पगार पंचायत समितीच्या सेस फंडातून किंवा ग्रामपंचायतीच्या आराखड्यात महिला-बालकल्याणाखाली बसवता येतो का, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारू. तोंडी विचारलं की नाही म्हणतात, लेखी विचारलं की उत्तर द्यावं लागतं.

पीएचसीवाला_डॉक्टर

मसुदा करा, आरोग्याच्या बाजूनं काय देता येईल ते मी लिहून देतो. आरकेएसकेच्या काउन्सेलरचा दौरा त्या वाराशी जुळवता आला तर बघतो. आणि कार्डाचा मुद्दा त्यात घाला.

गुंजवणी_मास्तर

केंद्रप्रमुखांशी बुधवारी शिक्षण परिषदेत बोलतो. केंद्रातल्या शाळांची यादी आणि पटसंख्या रविवारी इथं टाकतो, ताई तुम्ही त्यावरून पत्र लिहा. त्या मुलीला पण विचारून ठेवतो, पण पगाराचं ठरल्याशिवाय तिला शब्द देणार नाही.